नगरहून जर्मनीला निघालीस, तर पहिल्या नाताळविषयी

जय ख्रिस्त. तुझे तीन प्रश्न आहेत. ऑक्टोबर 2026 मध्ये स्टुटगार्टजवळच्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत येणारा नाताळ एकटीने कसा निभवायचा, तिथल्या चर्चमध्ये कोणी आपलं म्हणेल का, आणि आईला आत्ता काय सांगायचं. मीही नगरचीच, ख्रिस्ती घरातली, आणि याच भागात वॉर्डात काम करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घे. आपल्याला वाटतं, एवढा मोठा ख्रिस्ती परंपरेचा देश, म्हणजे नाताळ केवढा दणक्यात होत असेल! आपल्याकडे नाताळ दारं उघडून होतो. रात्रीच्या गाण्याच्या फेऱ्या, पेटी-ढोलकी, रेव्ह. ना. वा. टिळकांची भजनं, दारावरचा तारा, करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं शेजारपाजारच्या हिंदू-मुसलमान घरांत पोचवायची मुलांची धावपळ. जर्मनीत तो दार लावून होतो. 24 डिसेंबरला दुपार कलली की रस्ते ओस पडतात आणि जो तो आपल्या माणसांत जातो. भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं एका टेबलाशी जमतात ती वर्षातली हीच संध्याकाळ. त्यात तुला कोणी दूर ठेवत नसतं, पण नव्याने आलेल्या मुलीला ती शांतता फार लागते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की 24 तारखेवर सगळी आशा ठेवू नकोस. तुझा नाताळ आधीच्या चार आठवड्यांत, आगमनकाळात उभा कर. या देशात नवख्या माणसाला आत यायला जागा असते ती त्याच दिवसांत.

वॉर्डातच सुरुवात होईल. नर्सिंग स्टेशनवर हिरव्या फांद्यांचं कडं आणि त्यात चार मेणबत्त्या दिसतील. इस्पितळात आगीच्या नियमांमुळे त्या बहुधा बॅटरीच्या असतात. दर रविवारी एक वाढत जाते. हँबुर्गमध्ये अनाथ, गरीब मुलांसाठी संस्था चालवणाऱ्या योहान हिनरिख विशर्न या पाळकांनी 1839 मध्ये ही प्रथा सुरू केली. नाताळ कधी येणार म्हणून मुलं सारखी विचारायची, त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून. घरापासून दूर असलेल्या मुलांसाठी सुरू झालेली ही गोष्ट मला म्हणूनच फार जवळची वाटते. खोलीवर एक छोटं कडं आण आणि पहिल्या रविवारपासून लाव. 6 डिसेंबरला निकोलाउसचा, म्हणजे संत निकोलसचा दिवस. आदल्या रात्री मुलं दाराबाहेर बूट ठेवतात, सकाळी त्यात संत्री, अक्रोड, चॉकलेट. सहकारी तुझ्या लॉकरवरही काहीतरी ठेवतील, तूही ठेव. घरी भाजलेली बिस्किटं, श्वाबेनमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या या भागात, त्यांना गुट्सले म्हणतात, डबे भरभरून वॉर्डात येतात. त्यांच्या शेजारी तुझ्या शंकरपाळ्यांचा डबा ठेवलास की लोक आपणहून बोलायला येतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता चर्चचं. तुला गाता येतं असं तू लिहिलं आहेस, त्यामुळे माझं उत्तर सोपं झालं. पोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत जवळच्या चर्चच्या गायकवृंदात नाव घाल. सराव आठवड्यातून एकदा संध्याकाळी असतो आणि नाताळची तयारी त्या सुमारास सुरू झालेलीच असते. तुझी जर्मन बी-टू या परीक्षेच्या पातळीपर्यंत असली तरी सुरुवातीला वॉर्डातली श्वाबियन बोली कानावरून जाईल. गाण्याचे शब्द मात्र कागदावर असतात, चाल ठरलेली असते, आणि त्यातल्या कितीतरी चाली तू लहानपणापासून मराठीत गात आली आहेस. उपासनेला नुसती बाकावर बसलीस तर लोक नम्रपणे मान हलवून निघून जातात. माणसं थंड आहेत म्हणून नव्हे, अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलायची इकडे पद्धत कमी. पण दर आठवड्याला शेजारी उभी राहून आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणारी मुलगी दोन आठवडे दिसली नाही तर फोन येतो. 24 तारखेला ‘तू कुठे असशील?’ हे विचारणारं माणूस तुला इथेच भेटेल.

त्या दिवशी चर्चमध्ये वर्षभरात दिसत नाही इतकी गर्दी होते. दुपारी मुलांचं जन्मनाट्य, पाच-सहाच्या सुमारास संध्याकाळची उपासना, आणि बऱ्याच ठिकाणी रात्री दहा-अकराला आणखी एक. तू रात्रीची चुकवू नकोस. 25 च्या सकाळी आपल्याकडे सगळे नवे कपडे घालून चर्चला येतात, पाय ठेवायला जागा नसते. इकडे त्या सकाळी बाकं बरीच रिकामी असतात. त्याने खट्टू होऊ नकोस.

चर्चशीच जोडलेली एक पैशाची गोष्ट, कारण ती तुला एजंट सांगणार नाही. घर घेतल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते, तिथे धर्म विचारतात. ‘प्रोटेस्टंट’ किंवा ‘कॅथलिक’ लिहिलंस की पगारातून चर्चकर कापला जातो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे, तो तुझ्या आयकराच्या 8 टक्के असतो, पगाराच्या नव्हे. मी तो आनंदाने भरते. त्यातून पाळकांचे पगार निघतात, बालवाड्या आणि समाजकार्य चालतं. पण कशावर सही करते आहेस ते माहीत असावं.

आपल्या लोकांबद्दलही स्पष्ट लिहिते. इकडच्या मराठी मंडळात गणपती, दिवाळी जोरात होतात. नाताळ हा मराठी घरातला सण असू शकतो हे तिथे अनेकांच्या ध्यानातच नसतं. दुसरीकडे जर्मन सहकारी विचारतील, ‘तुमच्याकडे नाताळ करतात का?’ दोन्हीकडून असं झालं की आत कुठेतरी दुखतं. चिडू नकोस. सरळ सांग की 1831 मध्ये नगरला मिशनचं काम सुरू झालं, माझी पणजी, आजी त्याच चर्चमधल्या, आणि आम्ही मराठीत भजनं गातो. लोक मनापासून ऐकतात. मलयाळी नर्सेस तर इकडे 1960 च्या दशकापासून आहेत. त्यातल्या निवृत्त झालेल्या आज्या, आणि त्यांच्या मंडळींचे नाताळचे कार्यक्रम मोठ्या शहरांजवळ सापडतात. त्या तुला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.

शिफ्टचं म्हणशील तर माझं मत ठाम आहे. पहिल्या वर्षी 24 ची संध्याकाळ किंवा 25 चा दिवस कामावर घे, आणि 26 ला सुट्टी माग. पाळ्या लवकर ठरतात, म्हणून ऑक्टोबरातच वॉर्डप्रमुखांना सांगून ठेव. साधारणपणे नाताळला काम केलेल्यांना नवीन वर्षाला सुट्टी देतात. 24 ला दुपारी 2 नंतर आणि 25-26 ला काम केल्याबद्दल मिळणारा जादा भत्ता मूळ वेतनाच्या 150 टक्क्यांपर्यंत करमुक्त असतो. पण खरं कारण पैसा नाही. त्या रात्री वॉर्डात जे रुग्ण असतात त्यांनाही घरी जाता आलेलं नसतं. त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या उशा नीट करत ती संध्याकाळ काढणं हे खोलीत एकटीने घड्याळ बघण्यापेक्षा कितीतरी चांगलं, आणि आपल्या सणाला शोभणारं.

घरात सामान भरून ठेव. 24 डिसेंबर कायद्याने सुट्टी नाही, पण दुकानं दुपारी 2 ला बंद होतात. 25 आणि 26 सार्वजनिक सुट्टी. 2026 मध्ये 25 तारीख शुक्रवारी येते, त्याला रविवार जोडून आला आहे. म्हणजे गुरुवारी दुपारी बंद झालेला सुपरमार्केटचा दरवाजा थेट सोमवारी उघडेल. दूध, कांदे, तांदूळ, औषधं सगळं बुधवारपर्यंत आण. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातली काही दुकानं आणि पेट्रोल पंप चालू असतात. तातडीला 112, जिवावरचं नसेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांसाठी 116117.

कोणी 24 ला जेवायला बोलावलं तर ताटात बटाट्याची कोशिंबीर आणि उकडलेले सॉसेज एवढंच असेल. अनेक घरांत त्या रात्री हेच खातात, मोठं जेवण 25 ला. भेटवस्तू त्याच संध्याकाळी उघडतात, म्हणून हातात काहीतरी घेऊन जा. आईच्या हातच्या करंज्या असतील तर उत्तमच. फराळ आण, मात्र तुपाचा डबा, खवा, मांसाचं लोणचं सामानात घालू नकोस. युरोपियन युनियनबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. घरून पार्सल मागवलंस तर भेट म्हणून 45 युरोपर्यंतच्या वस्तूंवर आयातकर लागत नाही, पण आईला नोव्हेंबरातच पाठवायला सांग.

सगळ्यात जड जातात ते 27 ते 30 हे दिवस. सण सरलेला, अंधार साडेचारलाच, आणि नगरच्या ग्रुपवर सगळ्यांचे फोटो. त्या दिवसांत एक तरी ठरलेलं काम ठेव. मन फारच खचलं तर 0800 1110111 हा टेलिफोनसेलसोर्गेचा, म्हणजे मन मोकळं करायच्या फोनसेवेचा नंबर चोवीस तास मोफत आहे. आपण नर्सेस दुसऱ्यांना हे सांगतो आणि स्वतः करत नाही, तू कर.

शिवाय इकडचा नाताळ 26 ला संपत नाही. 6 जानेवारीला या राज्यात सुट्टी असते. त्या सुमारास बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या वेषातली मुलं तारा घेऊन घरोघर गातात, गरजू मुलांसाठी वर्गणी गोळा करतात आणि दारावर खडूने आशीर्वाद लिहून जातात. आपल्या फेरीच्या सगळ्यात जवळचं मला इथे हेच सापडलं. सुटे पैसे काढून ठेव आणि दार उघड.

आता आई. तिला ‘तिकडे मजा असेल’ असं सांगू नकोस, तिला खरं वाटणार नाही. तिला ठोस गोष्टी दे: कोणत्या चर्चमध्ये जाणार, 24 ला कोणती पाळी, कोणाच्या घरी जेवण. हिवाळ्यात नगर इथून साडेचार तास पुढे असतं. म्हणजे तिकडे 24 च्या रात्री बारा वाजतील तेव्हा तुझ्याकडे साडेसात. तो फोन तिच्याशी आजच ठरव, आणि पाळी त्या वेळेत आली तर विश्रांतीचा वेळ साडेसातला मागून घे. 25 ला मात्र दिवसभर व्हिडिओ चालू ठेवून बसू नकोस, दोघींनाही ते सोसत नाही.

कोणत्या गावात घर मिळतंय ते कळलं की लिही. त्या बाजूच्या गायकवृंदांची चौकशी मी करून ठेवते.