धावपटू नवरा, विहिरींचा नाद आणि रुसलेल्या आत्या

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा नवरा गेली काही वर्षं धावतो. यंदा त्याने सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. मला जुनी देवळं, वाडे, विहिरी बघायची आवड. साताऱ्यात त्याच्या आत्या असतात, माझी मावसबहीणही तिथेच. मागच्या खेपेला आम्ही परस्पर जाऊन आलो हे आत्यांना कळलं, तेव्हापासून त्या फोनवर तुटक बोलतात. शनिवार ते सोमवार एवढाच वेळ आहे. नवरा म्हणतो, “शर्यतीच्या आदल्या दिवशी मी कुठे हिंडणार नाही, कुणाकडे जेवणार नाही.” मग मी येऊन करू काय? की घरीच राहू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घरी मुळीच राहू नका. सातारा माझं माहेर. आमचे हेसुद्धा यवतेश्वरच्या घाटात धावलेत आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहिलेय, म्हणून हक्काने सांगते.

पहिलं काम, आजच आत्यांना फोन करा. तुम्ही नका, नवऱ्याला करायला लावा. भाचा आत्याचा आहे, रुसवाही त्यानेच काढायचा. “आत्या, शनिवारी दुपारी येतोय, दोन रात्री तुमच्याकडेच राहणार,” एवढं म्हणाला की पुढचं त्या बघतील. हॉटेलचं बुकिंग झालं असेल तर रद्द करा. लोक नातेवाइकांकडे उतरायला कचरतात ते जेवणाच्या आग्रहामुळे, तेव्हा तेही फोनवरच मोकळेपणाने सांगून टाकावं. शनिवारी रात्री लवकर, मऊ वरणभात, तूप-लिंबू, बास. पुरणपोळी, कटाची आमटी, जे काय करायचं ते रविवारी दुपारी. कारणासकट सांगितलं तर आत्या रागावत नाहीत. पान वाढल्यावर “नको नको” केलं तर मात्र रागावतात, आणि तो राग रास्त आहे.

आता हिंडण्याचं. तुमचा नवरा अर्धवट बरोबर आहे. आदल्या दिवशी अजिंक्यतारा किल्ल्यावर पायपीट करणं वेडेपणा ठरेल. पण सगळंच शर्यतीनंतरवर ढकलाल तर तेही फसेल. या शर्यतीची वाट यवतेश्वरच्या घाटातून जाते, साडेदहा किलोमीटर चढाची आणि तेवढीच उताराची. दम चढात लागतो, मांड्या उतरताना भरतात. उतारावर प्रत्येक पाऊल मांडीच्या पुढच्या स्नायूंना आवरून धरावं लागतं, आणि ते दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरं वर येतं. सोमवारी तुमचा नवरा जिना उतरताना कठडा धरणार. म्हणून पायऱ्यांची जागा शनिवारी, सपाटीची सोमवारी.

शनिवारी जेवून, बिब म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर घेऊन झालं की आत्यांना गाडीत घाला आणि लिंबला जा. साताऱ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर, पुण्याच्या बाजूला. तिथली बारामोटेची विहीर थोरल्या शाहू महाराजांच्या काळातली. 1719 ते 1724 या वर्षांत वीरूबाईंनी बांधून घेतली, आंब्याच्या मोठ्या बागेला पाणी मिळावं म्हणून. अष्टकोनी विहीर, खोली 110 फूट, रुंदी 50 फूट. वरून पाहिलं तर पिंडीचा आकार. नवऱ्याने एकदाच खाली उतरावं, एकदाच वर यावं आणि झाडाखाली बसावं. एवढ्याने शर्यतीला काही होत नाही.

तुम्ही मात्र वेळ काढा. दारावरचे शरभ, म्हणजे सिंहासारखे दिसणारे काल्पनिक प्राणी, बघा. आत विहिरीच्या पोटातच महाल आहे, त्याच्या खांबांवरची कोरीव कामं हात न लावता निरखा. गणपती आहे, मारुती आहे, हत्ती-घोड्यांवरचे स्वार आहेत. मग वर या आणि मोटा, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामड्याच्या मोठ्या पखाली, लावायच्या जागांपाशी आत्यांना घेऊन जा. आपल्याला त्या नुसत्या दगडी खाचा दिसतात. माझे वडील मोट हाकायचे. नाडा आणि सौंदर असे दोन दोर असतात, बैल उताराला लागले की मोट वर येते, सौंदर तिचं तोंड आवरून धरतो आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, पडून पाटाला लागतं, हे मला त्यांनी अशाच एका काठावर उभं राहून दाखवलं होतं. तुमच्या आत्या सत्तरीच्या पुढे असतील, गावाकडे वाढल्या असतील, तर हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. विचारा. बैलांची नावं विचारा, मोटेवरची गाणी विचारा, चालत असेल तर रेकॉर्ड करून ठेवा. तुम्हाला वारशाची आवड आहे आणि भेटीगाठींचं ओझं वाटतंय. पण विहिरीवर पाणी कसं चालायचं हे पाहिलेलं माणूस तुमच्या घरातच आहे. पाटीवर सनावळ्या मिळतील, हे मिळणार नाही.

रविवारी पहाटे नवऱ्याला सोडून परत झोपायला येऊ नका. घाटात गाडी घालायचा विचारही नको, त्या वेळेत रस्ता धावणाऱ्यांचा असतो. खालच्या बाजूला, परतीच्या शेवटच्या टप्प्यावर आत्यांना आणि बहिणीच्या मुलांना घेऊन उभ्या राहा. सातारकर या शर्यतीला आपल्या घरचं कार्य मानतात. 2015 साली गिनीज बुकात तिची नोंद झाली, तेव्हा गावभर अभिमान होता. भाचा आपल्या गल्लीच्या माणसांसमोरून धावत गेला की आत्यांचा उरलासुरला रुसवाही जाईल. शेवटच्या दोन किलोमीटरला ओळखीची हाक ऐकू आली की पाय कसे उचलले जातात, हे आमच्या ह्यांना विचारा.

दुपारी पुरणपोळी आणि झोप. संध्याकाळी मावसबहिणीकडे चहाला, तासभर. आधी सांगून जा, आणि तिथे जेवायला थांबू नका.

सोमवारी परत निघताना संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 मध्ये बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ आहे, पलीकडे क्षेत्र माहुली, पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. आवार सपाट आहे, नवरा आरामात फिरेल. नदीच्या घाटाच्या पायऱ्या तुम्ही एकट्या उतरा. महाराणी येसूबाईंच्या समाधीपाशी थोडं थांबा. एकोणतीस वर्षं मोगलांच्या कैदेत काढून ही बाई साताऱ्याला परतली, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना ते ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधीही इथलीच. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात.

कासचं पठार या खेपेला सोडा. फुलांचा हंगाम सुरू झाला असेल तर मोह होईल, पण ते उलट्या दिशेला आहे, बुकिंग लागतं, आणि घाईत बघायची ती जागा नाही.

प्रश्न : सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांनाही आणावं का?
— त्याच वाचक

उत्तर : आणा. लिंबला त्या वरच बसतील, माहुलीला देवळापर्यंत जातील. आणि नणंद-भावजय दोन रात्री एका घरात असतील, तर तुम्हाला पहाटे उठवायला गजर लावायची गरज पडणार नाही. त्यांच्या गोळ्यांचा डबा आणि घडीची खुर्ची गाडीत आठवणीने टाका, रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभं राहायचंय.