धार कुठे तोडली, ते विचारा

डिस्टिलरीत जाऊन तासाभराची फेरी आणि शेवटी चार-पाच नमुने चाखणं, या बेताबद्दल इतकी पत्रं आली आहेत की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सगळी विचारणा छोट्या, ‘क्राफ्ट’ म्हणवणाऱ्या डिस्टिलरींबद्दल आहे, उत्तरंही तेवढ्यापुरतीच.

प्रश्न : फेरी पाऊण तासाची असते असं कळलं. एवढ्यात काय बघून होणार? चकचकीत भांडी आणि पाइपच ना?

उत्तर : भांडी मोजत बसलात तर तसंच होईल. त्यापेक्षा द्रव कुठून कुठे जातो त्याच्या मागे मागे चाला आणि प्रत्येक टप्प्यावर एकच विचारा : आता यात अल्कोहोल किती टक्के? माल्ट व्हिस्कीचं उदाहरण घ्या. भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ६३ ते ६५ अंश सेल्सिअसला गरम पाण्यात मुरतं आणि त्यातल्या स्टार्चची साखर होते. अल्कोहोल अजून शून्य. पाणी फार तापलं तर साखर करणारी एन्झाइम्स मरतात आणि पुढचं सगळंच बिघडतं. मग यीस्ट पडतं. दोन ते चार दिवसांत ७ ते ९ टक्क्यांचा, आंबूस, बिअरच्या जवळ जाणारा वॉश तयार होतो. तो एकदा गाळला, म्हणजे उकळून त्याची वाफ पुन्हा थंड केली, की २० ते २५ टक्के, दुसऱ्यांदा गाळला की ७०च्या आसपास. एवढे चार आकडे डोक्यात असले तर कुठलंही भांडं अनोळखी वाटत नाही.

आंबवणाच्या टाकीवर वाकून नाक आत घालू नका. तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. तो हवेपेक्षा जड, टाकीच्या काठाशीच बसून राहतो. एक खोल श्वास घेतला तरी नाक झोंबतं आणि डोकं गरगरतं. हाताने हवा आपल्याकडे लोटून वास घ्या.

पॉट स्टिल, म्हणजे वॉश उकळायची भट्टी, तिच्याजवळ वर बघा. भट्टीची मान उंच असेल तर जड वाफा वर जाईपर्यंत थंड होऊन पुन्हा खाली पडतात, म्हणून स्पिरिट (गाळून निघालेला द्रव) हलकं निघतं. मान आखूड आणि पुढची नळी खाली उतरती असेल तर जड, तेलकट. भांडं तांब्याचं असतं ते शोभेसाठी नाही. उकळत्या वॉशमधली गंधकाची संयुगं तांबं धरून ठेवतं. नाहीतर स्पिरिटला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची जागा बहुतेक जण न बघताच पुढे जातात : जिथून स्पिरिट बाहेर पडतं ती. छोट्या डिस्टिलरीत तिथे चोचीसारख्या तोटीचं उभं नळकांडं असतं, त्याला ‘पॅरट’ म्हणतात. त्यात अल्कोहोलचे टक्के दाखवणारा काचेचा हायड्रोमीटर तरंगत असतो आणि चोचीतून पेन्सिलीएवढी धार पडत असते. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. स्पिरिट कोमट असेल तर तो जास्त टक्के दाखवतो, दर तीन अंशांना साधारण एक टक्का. म्हणून शेजारी थर्मामीटर दिसायला हवा. नसेल, तर का नाही ते जरूर विचारा.

एक गोष्ट नोंदणी करतानाच विचारून घ्या : त्या दिवशी भट्टी चालू असणार का? बंद भट्टी म्हणजे नुसतं तांब्याचं प्रदर्शन.

प्रश्न : आपण ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, असं म्हणतो. डिस्टिलरीत मात्र पहिली धार बाजूला काढतात म्हणे. मग खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं आहे, फक्त ‘अस्सल’ या शब्दात घोटाळा आहे. गाळताना सुरुवातीला अल्कोहोलचं प्रमाण सर्वांत जास्त असतं आणि पुढे ते उतरत जातं. पहिली धार कडक असते ती म्हणून. पण कडक म्हणजे चांगली नव्हे.

धारेचे तीन भाग करतात : हेड्स, हार्ट्स आणि टेल्स. हेड्समध्ये ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट यांचा भरणा असतो. पहिल्याला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास, दुसऱ्याला नेलपॉलिश पुसायच्या द्रावणाचा. शेवटी शेवटी फ्यूझेल तेलं, म्हणजे जड अल्कोहोलं, येऊ लागतात आणि ओल्या पुठ्ठ्याचा, ओल्या कुत्र्याचा वास येतो. बाटलीत जातात ते मधले हार्ट्स. माल्ट व्हिस्कीत हा मधला भाग बऱ्याचदा ७५ टक्क्यांच्या आसपास सुरू होतो आणि साठीच्या सुरुवातीला थांबवतात. पण हा आकडा प्रत्येक घराचा वेगळा, आणि डिस्टिलरीचा खरा स्वभाव तिथेच ठरतो. कट, म्हणजे धार तोडण्याची वेळ, उशिरापर्यंत लांबवला तर माल जास्त निघतो आणि चव भरदार होते, पण लोभ जास्त झाला की ओला पुठ्ठाही बाटलीत येतो. लवकर तोडला तर स्वच्छ, पण कधी कधी अगदीच मिळमिळीत.

हे भाग एकामागोमाग सुटसुटीत येत नाहीत. ॲसिटाल्डिहाइड २० अंशांना उकळतं, इथाइल ॲसिटेट ७७ला, अल्कोहोल ७८.३ला आणि फ्यूझेल तेलांतलं मुख्य आयसोअमाइल अल्कोहोल १३१ला. तरी भट्टीत सगळी एकमेकांत मिसळलेली असतात आणि एकमेकांना ओढत वर येतात. त्यामुळे थर्मामीटर आणि हायड्रोमीटर अंदाज देतात, शेवटचा निर्णय नाकाचा. फेरीत हेड्स, हार्ट्स, टेल्स यांच्या तीन छोट्या बाटल्या हुंगायला मिळतात का, ते विचाराच. चाखण्यातून जे तासाभरात समजत नाही ते इथे अर्ध्या मिनिटात समजतं.

काढलेले हेड्स-टेल्स बहुतेक ठिकाणी फेकत नाहीत. पुढच्या खेपेत मिसळून पुन्हा गाळतात, कारण त्यांत भरपूर अल्कोहोल शिल्लक असतं.

प्रश्न : हेड्स काढले नाहीत तर त्यातल्या मिथेनॉलने माणूस आंधळा होतो, हे बरोबर का?

उत्तर : गाइडसुद्धा हे ठासून सांगतात, पण ते अर्धवट आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं म्हणून ते आधी निघून जात असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणातून ते सगळ्या धारेत थोडं थोडं येत राहतं. मुळात ते तयार होतं फळांतल्या पेक्टिनपासून. धान्याच्या वॉशमध्ये नगण्य असतं. फळांच्या ब्रँडीत जास्त असतं, म्हणून तिथे कायद्याने मर्यादा घालतात. विषबाधेच्या मोठ्या घटनांमागे बहुधा औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असते, चुकलेला कट नव्हे.

प्रश्न : ग्लास नाकाशी नेला की फक्त झणझणतं. बाकीचे व्हॅनिला, मध, संत्र्याची साल असं काय काय सांगतात. माझ्या नाकातच दोष आहे का?

उत्तर : नाकात नाही, पद्धतीत आहे. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवून त्यात नाक खुपसलं की ४५ टक्के अल्कोहोल थेट आत जातं आणि पुढची काही मिनिटं नाक बधिर होतं. ग्लास फिरवू नका. हनुवटीपासून हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. तोंड उघडं असलं की झणका कमी होतो. ग्लास तोंडाशी निमुळता असावा. पसरट ग्लासात वास आधीच उडून जातो.

मग पाणी. ‘दोन थेंब घाला’ असं सगळीकडे सांगतात. हिशोब करून बघा. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. १५ मिलि, ४६ टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये दोन थेंब पडले तर ते ४५.७ टक्के होईल. एवढ्याने नाकाला काय फरक पडणार? एक मिलिने ते ४३च्या आसपास येतं, तिथून बदल जाणवू लागतो. व्हिस्कीचे ब्लेंडर तर वास घेताना २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. नमुन्याचे दोन भाग करा, एक तसाच चाखा आणि दुसऱ्यात जवळपास तेवढंच पाणी घालून नुसता हुंगा. पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं. बर्फाने वास झोपतो.

क्रम कमी टक्क्यांकडून जास्तीकडे, बिनपिंपाच्या स्पिरिटकडून मुरलेल्याकडे. धुरकट आणि गोड नमुने शेवटी. चौथ्या-पाचव्या नमुन्यानंतर जीभ खोटं बोलायला लागते, तेव्हा जे घ्यायचंय ते तिसऱ्याच्या आतच मनात ठरवून टाका. मध्ये नाक ताजं करायला कॉफीच्या बिया पुढे करतात. त्यापेक्षा स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. अर्थात तिथे अत्तर नसेल तर. अत्तर लावून जाणं हा शेजाऱ्यावरही अन्याय आहे.

प्रश्न : चार नमुने, प्रत्येकी १५ मिलि. ‘एवढ्याशाने काय होतं’ म्हणून गाडी चालवत परत यायचा बेत आहे. चालेल?

उत्तर : नाही. ६० मिलि, ४२ टक्के म्हणजे २५ मिलि शुद्ध अल्कोहोल, वजनाने २० ग्रॅम. यकृत ताशी साधारण सात-आठ ग्रॅम निकालात काढतं, तेही माणसागणिक कमीजास्त. म्हणजे अडीच-तीन तास तरी हवेत, आणि कॉफीने किंवा गार पाण्याने त्यातलं एक मिनिटही कमी होत नाही. नमुन्यांत पिंपातून थेट काढलेली ६० टक्क्यांची असेल तर तिचे १५ मिलि म्हणजे चाळीस टक्क्यांचे साडेबावीस.

पिकदाणी मागा. ठेवलेली असते, पण बहुधा कोपऱ्यात. थुंकलं तरी थोडं पोटात जातंच, म्हणून चालकाने नुसता वास घ्यावा आणि आपले नमुने छोट्या बाटल्यांत भरून घरी न्यायला मागावेत. काही ठिकाणी तशी सोय असते.

प्रश्न : मी घेत नाही, नवऱ्याबरोबर जायचं आहे. तासभर कंटाळा येईल का?

उत्तर : नाही. वर सांगितलेलं निम्मं काम नाकाचं आहे, आणि तुमचं नाक शेवटपर्यंत ताजं राहील. कट कुठे करतात हा प्रश्न तुम्हीच विचारा.

प्रश्न : चाखताना जिनमध्ये पाणी घातलं तर ती दुधाळ झाली. भेसळ होती का?

उत्तर : उलट, मसाला हात राखून घातलेला नाही याची ती खूण. जुनिपर आणि धन्यातली सुगंधी तेलं अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ती बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतात आणि प्रकाश विखुरतात. बडीशेपेच्या वासाचं ऊझो पांढरं होतं तेही याच कारणाने. व्हिस्की ४६ टक्क्यांच्या खाली आणली किंवा गार केली की तिच्यातही धुकं दिसतं, फक्त कारणीभूत असतात ते मेदाम्लांचे एस्टर. दिसायला वाईट म्हणून काही जण ती गार करून फिल्टरमधून काढतात. त्यात थोडा पोतही जातो, असं आमचं मत.

प्रश्न : ‘सगळं इथेच बनतं’ हे खरं की खोटं, कसं ओळखायचं?

उत्तर : आधी वयाची वजाबाकी करा. भट्टी तीन वर्षांपूर्वी पेटली आणि कपाटात आठ वर्षांची व्हिस्की असेल, तर ती पिंपं दुसरीकडून आली आहेत. त्यात पाप नाही, लपवण्यात आहे.

जिनमध्ये तर ९६ टक्क्यांचं तयार न्यूट्रल (स्वतःची चव नसलेलं) स्पिरिट विकत आणून त्यात मसाले घालून पुन्हा गाळणं हीच सर्वसाधारण रीत आहे. तेव्हा ‘स्पिरिट तुमचं का?’ पेक्षा ‘मसाले कसे घालता?’ हे विचारा. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवले तर चव गडद येते, जाळीच्या टोपलीत ठेवून त्यांतून वाफ जाऊ दिली तर हलकी, फुलांकडे झुकणारी. तासन्‌तास भिजवलेल्या लिंबूवर्गीय सालींत पांढरा भाग राहिला असेल तर जिन कडसर लागते.

छोट्या पिंपांबद्दलही विचारा. ५० लिटरच्या पिंपात, त्याच आकाराच्या २०० लिटरच्या तुलनेत, दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श साधारण १.६ पट. रंग आणि व्हॅनिला झटपट उतरतात. पण पिंपाच्या भिंतीतून हवा आत-बाहेर होत हळूहळू जे घडतं, त्याला काळच लागतो. म्हणून वर्षाची व्हिस्की गडद दिसते आणि चवीला ताज्या सुताराच्या दुकानासारखी लागते. उडून जाणारा हिस्साही विचारून घ्या : थंड हवेत वर्षाला दोनेक टक्के, म्हणजे दहा वर्षांत जवळपास पाचवा भाग. उष्ण हवेत बरंच जास्त.

प्रश्न : भट्टीच्या खोलीत फोन बंद ठेवायला का सांगतात? आणि चपला चालतील का?

उत्तर : हवेत अल्कोहोलची वाफ ३.३ ते १९ टक्के झाली की एक ठिणगी पुरे. शुद्ध अल्कोहोल १३ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, चाळीस टक्क्यांचं २६ अंशांच्या आसपास. फोटो काढायची जागा गाइड दाखवतील, तिथेच काढा. चपला नकोत. जमीन ओली असते आणि जिन्याच्या पायऱ्या लोखंडी जाळीच्या. बंद बूटच घाला.

प्रश्न : विकत घेतलेली बाटली विमानातून नेता येते का? घरी आडवी ठेवायची ना?

उत्तर : उभी ठेवा. आडवी ठेवण्याची पद्धत वाइनची. कडक स्पिरिट बुचाला लागून राहिलं तर बूच कुजून तुकडे पडतात. उन्हापासून लांब, आणि निम्म्याहून खाली आली की सहा-आठ महिन्यांत संपवा किंवा लहान बाटलीत ओता. विमानात २४ ते ७० टक्क्यांची, सीलबंद, चेक-इन सामानात, माणशी पाच लिटरपर्यंत नेता येते. ७०च्या वरची अजिबात नाही, म्हणून पिंपातून थेट भरलेली बाटली घेण्याआधी लेबलवरचा आकडा वाचा.