टोलवर काम करणार असशील तर
वाहतुकीचं मॉडेल नंतर चालव. आधी सावळेश्वरच्या टोलनाक्याजवळ चहा घेत दोन तास बस. वाहतूक-अभ्यासक वॉर्ड्रॉपचं १९५२ चं तत्त्व तुला पाठ असेलच: प्रत्येक चालक स्वतःला स्वस्त पडणारा रस्ता धरतो. पण स्वस्त म्हणजे काय रे? टोलचे रुपये मिनिटांत बदलायचे तर वेळेची किंमत धरावी लागते. ती ट्रकवाल्याची वेगळी, मोहोळहून रोज सोलापूरला येणाऱ्याची वेगळी. सरसकट एकच आकडा टाकलास की सगळंच फसलं. आणि वाहनांची, त्यांच्या वेगांची मोजणी कधी केलीस ते लिही. गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागची अख्खी रांग रखडवतो. हंगामात मोजलेले तेच वेग मी ऊस नसलेल्या जूनला लावले होते. माझ्या गाइडनी न बोलता वही परत सरकवली.