एआरडीएसचे 'उपप्रकार' म्हणायचं की 'उपगट'?

प्रश्न असा आलाय की एआरडीएसवर (अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) वाचताना 'सबफेनोटाइप' हा शब्द सतत येतो, त्याला मराठीत 'उपप्रकार' लिहिलं तर चालेल का, आणि त्यातल्या 'हायपरइन्फ्लेमेटरी'ला, म्हणजे अंगात दाह खूप असलेल्यांना, 'अतिदाहक'?

मी 'उपगट' लिहीन. न्यूमोनिया, सेप्सिस, मोठा अपघात, कारण काहीही असो, फुफ्फुसात पाणी झिरपून ऑक्सिजन झपाट्याने उतरतो त्याला हे एकच नाव आहे, त्याचं पहिलं वर्णन १९६७ चं. आमच्या काकांच्या वेळी फाइलवर 'सिव्हिअर एआरडीएस' होतं, आयसीयूच्या दाराशी आम्ही विचारलं हा कुठला प्रकार, तर डॉक्टर म्हणाले, प्रकार नाही हो, किती आहे ते लिहिलंय. बरोबरच होतं ते. २०१२ च्या बर्लिन व्याख्येत ऑक्सिजनच्या गुणोत्तरावरून (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ३०० पर्यंत सौम्य, २०० पर्यंत मध्यम आणि १०० किंवा खाली गंभीर, म्हणजे या पायऱ्या झाल्या. (इथे सिव्हिअरला 'तीव्र' नको, नावातल्या अ‍ॅक्यूटला आपण आधीच 'तीव्र' म्हणतो, मग 'तीव्र तीव्र' होतं.)

सबफेनोटाइपचं तसं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक डॉक्टर कॅरोलिन कॅल्फी आणि सहकाऱ्यांनी दोन जुन्या अमेरिकन ट्रायल्समधल्या रुग्णांची माहिती पुन्हा तपासली तेव्हा त्यांचे दोन गट पडले, साधारण ३० टक्के लोकांच्या (हेच 'हायपरइन्फ्लेमेटरी') रक्तात इंटरल्युकिन-६, ८ वगैरे दाह दाखवणारी प्रथिनं खूप वाढलेली, बायकार्बोनेट कमी (म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं), शॉकचं, म्हणजे रक्तदाब कोसळण्याचं, प्रमाण जास्त आणि मृत्यूही जवळपास दुप्पट, बाकीच्यांचं त्यामानाने शांत. व्हेंटिलेटरवर पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला हवेचा दाब) वाढवल्याचा परिणामसुद्धा दोन्हीकडे वेगळा निघाला. आता फेनोटाइप म्हणजे मुळात दिसणारं रूप, पण हा फरक ना एक्सरेत उठून दिसतो ना नुसत्या ऑक्सिजनच्या आकड्यात, तो रक्ताच्या तपासणीत सापडतो, म्हणून 'दृश्यरूप' मला पटत नाही. आणि इथे विभागलेत ते रुग्ण, आजाराच्या दोन जाती ठरलेल्या नाहीत, 'उपप्रकार' म्हटलं की वाचणाऱ्याला तसंच वाटतं. पोटजात, पोटकलम यांच्या चालीवर 'पोटगट' खरं तर अस्सल मराठी, पण दवाखान्याच्या कागदावर पोट दिसलं की नातेवाईक पोटाचाच आजार समजणार.

'अतिदाहक' मात्र नकोच. दाहक म्हणजे जाळणारं, अ‍ॅसिड दाहक असतं. माणसाच्या अंगात दाह जास्त आहे हे सांगायचंय, तर वातप्रधान, पित्तप्रधान म्हणतो तसं 'दाहप्रधान उपगट' लिहा आणि दुसऱ्याला 'अल्पदाह उपगट'. 'दाहरहित' नको, दाह त्यांच्यातही असतोच, फक्त कमी.