डच सुनेच्या घरी सहाचं जेवण

प्रश्न : मुलगा नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला असतो, सून तिथलीच. मागच्या हिवाळ्यात तीन महिने राहून आले. पोर स्वभावानं गोड, पण दुपारी पुढ्यात काय, तर ब्रेडच्या दोन चकत्या आणि चीज. मुलाच्या डब्यातही तेच. संध्याकाळी सहालाच जेवायला बसवायची, आणि ताटात बटाट्याचा हिरवट लगदा. कॉफीबरोबर एक बिस्कीट दिलं की डब्याचं झाकण बंद. माझी किंमत नाही, की ते लोक असंच खातात?
– एक सासूबाई, सांगली

उत्तर : ताई, असंच खातात. मी साताऱ्याची. लायडनला येऊन चोवीस वर्षं झाली, आणि त्यातली पहिली दोन तरी मी मनातल्या मनात चरफडत काढली.

सुरुवातीला एका आजीबाईंकडे खोली घेतली होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी खाली जेवायला बोलावलं. ताटात उकडलेले बटाटे, उकडलेला फ्लॉवर, आणि मी मांस खात नाही म्हटल्यावर एक अंडं. फोडणी नाही, मीठही बेताचं. मग आजींनी खणातून बोटाएवढी किसणी काढली आणि फ्लॉवरवर जायफळ किसलं. जायफळ! आपल्याकडे त्याची जागा पुरणात, श्रीखंडात, नाहीतर रडक्या बाळासाठी सहाणेवर. फ्लॉवरवर ते पाहून मला कसंतरीच झालं. पुढे कळलं की फरसबी, पालक, कुस्करलेला बटाटा, सगळ्यांवर इथे ते पडतं. इंडोनेशियातल्या ज्या बांदा बेटांवरून ते यायचं, ती १६२१ साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं तिथल्या माणसांची कत्तल करून ताब्यात घेतली. आजी किसणी खणात परत ठेवायच्या, हा विषय कधी निघायचा नाही. आता मीही फ्लॉवरवर जायफळ किसते. चांगलं लागतं, काय सांगू.

बटाटे, मांस, भाजी हे इथलं रोजचं त्रिकूट. त्याला डच शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘आ-व्हे-खे’ असंच म्हणतात. गरम जेवण दिवसातून एकदाच, आणि ते संध्याकाळी. सकाळ-दुपार ब्रेड. त्यावर चीज, नाहीतर लोणी लावून चॉकलेटचे दाणे, म्हणजे हागलस्लाख. लहान मुलांचा खाऊ वाटेल, पण आमच्या ऑफिसातले पन्नाशीचे साहेबही डब्यात तेच आणायचे. तेव्हा तुमच्या मुलाच्या डब्याची काळजी सोडा.

सहाचं म्हणाल तर ती वेळ घरच्यांची. जेवायच्या सुमाराला खेळायला आलेली शेजारची पोरंसुद्धा ‘आता घरी जा हं’ म्हणून परत पाठवतात, त्यात कुणी काही मनावर घेत नाही. त्या टेबलाशी तुमची खुर्ची तीन महिने रोज मांडलेली होती. आणि बिस्किटाचा हिशेब साधा आहे : एका कपाला एक. दुसरा कप आला की डबा पुन्हा उघडतो. तुम्ही बहुधा पहिल्याच कपावर ‘पुरे’ म्हणाला असाल. आपण आग्रह होईल म्हणून नाही म्हणतो. इथे नाही म्हणजे नाहीच.

तो हिरवट लगदा म्हणजे बूरनकोल, एक कुरळ्या पानांची भाजी, बटाट्यात कुटून केलेला स्टॅम्पॉट. थंडीतच करतात, कारण गोठवणारी हवा लागली की पानं गोडसर होतात असं म्हणतात. तुमचं खायचं चुकलं असणार. भाताच्या ढिगात आमटीसाठी आळं करतो ना, तसं त्यात चमच्याच्या पाठीनं आळं करायचं आणि मधे रस्सा ओतायचा. इथलं प्रत्येक पोर तेच करतं आणि बांध फुटू नये म्हणून जपतं. सूनबाईंसमोर करून बघा, हसेल ती.

ठेचा खुशाल घेऊन बसा. इंडोनेशियाचं सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचाच, इथे घरोघरी असतं, तिखटाचं कुणाला वावडं नाही. फक्त आधी एक घास तसाच खा, मग ठेचा. दुपारी घसा कोरडा पडला तर दुकानातून कार्नमेल्क आणा. ते ताकच. दाट असतं, पाणी आणि जिरेपूड घाला. चीज घशाखाली उतरत नसेल तर आमच्या लायडनचं जिरं घातलेलं मागा.

प्रश्न : लायडनच्या हटस्पॉटबद्दल ऐकलं. शाकाहारी करता येतो का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : येतो, मी दरवर्षी ३ ऑक्टोबरला करते. १५७४ साली त्या दिवशी लायडनभोवतीचा स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला. बांध फोडून पाणी सोडल्यावर सैनिक पळाले आणि त्यांच्या छावणीत एका मुलाला अर्धवट खाल्लेलं कालवणाचं भांडं सापडलं, तोच पहिला हटस्पॉट, अशी कथा आहे. त्यात बटाटा नव्हता, तो इथे नंतर रुजला. उपाशी गावाला बोटींतून हेरिंग मासे आणि पांढरा पाव आला, ते अजूनही त्या दिवशी गावात वाटतात.

एक किलो बटाटे, तेवढीच गाजरं, अर्धा किलो कांदे. चिरून, जेमतेम पाण्यात, मीठ घालून पंचवीस मिनिटं शिजवा. पाणी काढून कुटा, पण गुळगुळीत करू नका. लोणी, चमचाभर दूध, मिरपूड. सोबतचं मांस वगळा, झालं. कुकरच्या शिट्ट्या काढू नका, गाजराची पेज होते. मी करून बसले आहे.

प्रश्न : लेक आइंडहोवनला, मार्चमध्ये बाळंत होईल. सोबत काय नेऊ? तिथे बाळ झालं की बिस्किटावर रंगीत गोळ्या घालून देतात म्हणे?
– एक आई, नाशिक

उत्तर : देतात, भेटायला येईल त्याला. गोल कुरकुरीत टोस्ट आणि वर साखरेत घोळवलेले दाणे : मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. २००३ साली राजकन्या झाली तेव्हा नारिंगी निघाले होते. नाव माउशेस, म्हणजे उंदरं, कारण आतल्या बीला शेपटीसारखा देठ असतो. ते बी बडीशेपेच्याच गोतातलं. त्यानं बाळंतिणीला दूध येतं असं इथल्या म्हाताऱ्या सांगतात. तुमच्या डब्यातली बाळंतशेप दुसरं काय करते?

ती जरूर आणा. डिंक, खारीक, अळीवही. पण तूप, खवा, पेढे नकोत. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. इथलं लोणी उत्तम, तूप इथेच कढवा आणि लाडू इथेच वळा.

बाळंतिणीच्या मदतीला आठवडाभर घरी एक बाई येते, टोस्टचं बहुतेक तीच बघते. तुमच्यावर वेळ आली तर आधी लोणी जाडसर फासा, मग दाणे पेरा. कोरड्या टोस्टवर घातलेत तर सगळी उंदरं सोफ्याखाली.