हल्ला परदेशातून, मग जाब कुणाला?

प्रश्न : माझा मुलगा मुरगाव बंदरात मालाच्या नोंदी संगणकावर ठेवतो. परक्या देशातून कुणी ती यंत्रणा बंद पाडली, तर त्या देशाला जाब विचारता येतो का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : येतो, पण वाट बिकट आहे. १९४६ साली कोर्फूच्या सामुद्रधुनीत, अल्बानियाच्या हद्दीत, दोन ब्रिटिश युद्धनौका सुरुंगांवर आदळल्या. ४४ खलाशी गेले. सुरुंग कुणी पेरले हे सिद्ध झालंच नाही. तरी १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अल्बानियाला जबाबदार धरलं : हद्दीतला धोका ठाऊक असून इशारा दिला नाही म्हणून. (पणजीत कायदा शिकवायचो तेव्हा हा खटला मी तासभर रंगवायचो. मुलं सुरुंगांतच अडकायची!) २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने हाच विचार संगणकांना लावला : आपल्या हद्दीतून असा हल्ला जाणूनबुजून होऊ देऊ नये; शिवाय दुसऱ्या देशाच्या अत्यावश्यक यंत्रणांना जाणूनबुजून इजा करू नये, असंही म्हटलं. मात्र हे नियम ऐच्छिक. आणि सर्व्हर ज्या देशातला, हल्ला त्याच सरकारचा, असं मुळीच नव्हे. घोडं अडतं ते पुराव्यापाशी. म्हणून मुलाला सांगा, यंत्रणा घाईने पुसून नव्याने बसवू नकोस. लॉग, म्हणजे यंत्रणेत काय काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, जपून ठेव. अशा घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेला कळवणं आपल्याकडे बंधनकारक आहे.