डावा खांदा की उजवा

अमळनेर,
आखाजीच्या आधीचा रविवार

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पारोळ्याची मुलगी कोपनहेगनच्या दूतावासात, तेही राजशिष्टाचाराच्या कामावर जाते आहे, हे वाचून फार आनंद झाला. पत्र दोनदा वाचलं आणि तुझ्या वडिलांना फोन लावला. मी त्याच कामात नोकरी काढली, त्यामुळे तुझा प्रश्न मला नवा नाही. राजवाड्यातल्या मेजवानीला लोक खांद्यावरून रंगीत पट्टे घालून येतात, त्याला काही नियम असतो की नुसती हौस, असं तू विचारलं आहेस.

नियम असतो, आणि तो नीट समजून घे. तू स्वतः पट्टा घालणार नाहीस, पण आपल्याकडच्या एखाद्या वयस्कर पाहुण्याला तो घालून द्यायची वेळ तुझ्यावर नक्की येईल.

लहानपणी वडिलांबरोबर कलेक्टर कचेरीत गेली असशील. साहेबांच्या दारातल्या शिपायाच्या खांद्यावरून तिरपा लाल पट्टा असायचा आणि त्यावर पितळी बिल्ला. त्या बिल्ल्याला चपरास म्हणत, म्हणून तो चपराशी. पट्टा बघितला की हा माणूस कोणाचा, हे न विचारता कळायचं. राजेलोकांचा रेशमी पट्टाही हेच सांगतो: हा मान कोणी दिला. त्याला दागिना समजू नकोस. एवढं मनात पक्कं धरलंस तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आता खांद्याचं. घरी श्राद्धाला गुरुजी 'सव्य', 'अपसव्य' सांगतात ते तू ऐकलं आहेस. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे ते सव्य, उजव्या खांद्यावरून डावीकडे ते अपसव्य. राजा किंवा देश देतो त्या मानाच्या सन्मानाला ऑर्डर म्हणतात, आणि पट्टा ही त्याची खूण. युरोपातली बहुतेक ऑर्डर्स अपसव्य घालतात. मोजकी थोर ऑर्डर्स सव्य: इंग्लंडचं 1348 मधलं गार्टर, स्कॉटलंडचं थिसल आणि तू जाते आहेस त्या डेन्मार्कचं एलिफंट. हे एलिफंट जवळून बघायला मिळालं तर सोडू नकोस. फिक्या निळ्या पट्ट्याच्या टोकाला पांढऱ्या मिन्याचा छोटा हत्ती, पाठीवर बुरूज आणि मानेवर चक्क माहूत. त्याच देशाचं दुसरं ऑर्डर डॅनेब्रोग. त्याचा पट्टा पांढरा, लाल काठांचा, आणि तो उजव्या खांद्यावरून. म्हणजे एकाच दालनात दोन्ही तऱ्हा दिसतील. नजर तयार ठेव.

मी हे चूक करून शिकलो. पहिल्याच पोस्टिंगवर, दुसऱ्या एका राजधानीत, आपले एक वृद्ध पाहुणे होते. त्या देशानं त्यांना मोठं ऑर्डर दिलेलं. निघायला दहा मिनिटं असताना त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. मी इंग्लंडच्या राणीचे फोटो पाहत वाढलेला. तिचा निळा पट्टा डाव्या खांद्यावरून असायचा. मी तसाच घातला, काळ्या बंदगळ्यावर, खांद्याशी पिन लावून. वाड्याच्या जिन्यावर पांढरे हातमोजे घातलेल्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं आम्हाला पाहिलं. तो काही बोलला नाही. पाहुण्यांना अदबीनं बाजूच्या खोलीत घेऊन गेला, दार लोटलं, पिन काढली, पट्टा उजव्या खांद्यावर घेतला आणि गाठीखालचा बिल्ला डाव्या कमरेवर सरळ बसवला. पाहुणे मला काहीच म्हणाले नाहीत. पण ज्या देशानं त्यांना मान दिला, त्याच देशाच्या दारात मी त्यांना चुकीचं उभं केलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून पेटी हातात आली की मी आधी खांदा विचारतो, मग पेटी उघडतो.

एका वेळी पट्टा एकच. कोणाकडे चार देशांचे चार असले तरी अंगावर एकच. एरवी आपल्या देशाचा सर्वांत वरचा घालतात. पण परदेशचा राजा किंवा राष्ट्राध्यक्ष पाहुणा असेल आणि त्याच्या देशाचं ऑर्डर आपल्याकडे असेल, तर त्या संध्याकाळी त्याचा पट्टा. पाहुण्याला दाराशीच कळतं की तुमच्या घरचा मान आम्ही जपला आहे. मला या सगळ्या व्यवहारात हीच रीत सर्वांत सुंदर वाटते. बाकीच्या ऑर्डर्सचे तारे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे बिल्ले, छातीवर डाव्या बाजूला लागतात. इंग्रजांकडे जास्तीत जास्त चार. पदकांच्या रांगेत सर्वांत मोठं पदक छातीच्या मध्याकडे.

कपड्याचं आमंत्रणावरच लिहिलेलं असतं. 'व्हाइट टाय' (म्हणजे टेलकोटाचा सर्वांत औपचारिक पोशाख) आणि 'डेकोरेशन्स' (म्हणजे मानचिन्हं) असेल तर पट्टा. टेलकोट असेल तर तो वेस्टकोटावरून आणि कोटाखालून जातो, लष्करी गणवेशात मात्र कोटावरून. त्याहून साध्या 'ब्लॅक टाय'ला इंग्रजी रिवाजात पट्टा नसतो, छोटी पदकं असतात. आमंत्रणात काहीच लिहिलं नसेल तर अंदाज करू नकोस, यजमानांच्या कचेरीत फोन कर. विचारण्यात कमीपणा नाही. बाईमाणसाचा पट्टा अरुंद असतो. एखाद्या पाहुणीच्या साडीवर तो घालायचा तर पदर आधी डाव्या खांद्यावर घट्ट पिन करून घे, नाहीतर जेवणाच्या टेबलाशी दोन्ही एकदम घसरतात. रेशीम लाटांसारखी झाक असलेलं असतं. त्याची घडी घालू नकोस, गुंडाळी कर.

तुला वाटेल, आपल्या लोकशाही देशाला याचं काय? आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं किताब बंद केले, परदेशी किताब घ्यायलाही मनाई केली. तू सरकारी नोकरीत आहेस, राष्ट्रपतींच्या संमतीवाचून परदेशी सरकारची भेटसुद्धा घेता येणार नाही. पण सन्मान म्हणजे किताब नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं 1995 च्या डिसेंबरात हे स्पष्ट केलं: पद्म पुरस्कार चालतील, मात्र ते नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत. आपल्याकडे लग्नपत्रिकांपासून व्यासपीठावरच्या बॅनरपर्यंत 'पद्मश्री अमुक' सर्रास छापतात. दूतावासाच्या आमंत्रणावर तुझ्या हातून ते होऊ देऊ नकोस. पद्म मिळालेल्यांना पदकाची छोटी प्रतिकृती मिळते, ती समारंभात खुशाल लावावी. आपल्या नाडगावच्या माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना 2019 मध्ये मेक्सिकोचा ॲझ्टेक ईगल हा सन्मान पुण्यात दिला गेला, तेव्हा मी बातमीतला फोटो कापून वहीत ठेवला.

सयाजीराव गायकवाडांचंही सांगतो. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा बडोद्याचा महाराजा झाला. 1911 च्या दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्जपुढे ते एकदाच लवले आणि रीतीप्रमाणे मागे मागे न सरता वळून निघाले. लंडनपर्यंत गहजब झाला. मुद्दाम की नकळत, यावर अजून दोन मतं आहेत. पण इतकं वादळ उठलं ते रीत सर्वांना माहीत होती म्हणून.

एक राहिलं. गेल्या वर्षी जवळच्या एका गावात शहीद जवानाच्या स्मारकावर मानवंदना होती. आई आली होती, नऊवारी, हातात मुलाच्या पदकांची डबी. एका कार्यकर्त्यानं उत्साहानं पदकं तिच्या डाव्या बाजूला लावली. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "माय, ही उजवीकडे लावायची. डावीकडे ज्याची त्याची स्वतःची, उजवीकडे आपल्या गेलेल्या माणसाची." तिनं स्वतःच पिन काढली. पदराच्या काठाशी उजवीकडे पदकं लावताना तिची बोटं थरथरत होती, पण मदत घेतली नाही. लावून झाल्यावर तिनं तळहातानं ती एकदा दाबून सरळ केली आणि स्मारकाकडे तोंड करून उभी राहिली.

आखाजीला माहेरी येशील तेव्हा एक दिवस अमळनेरला ये. माझ्याकडे जुन्या रेशमी शेल्याची पट्टी कापून ठेवलेली आहे. तुझ्या भावाला बंदगळा घालून उभं करू आणि दोन्ही खांद्यांवरून, पिनेसकट, दहा वेळा बांधून बघू. येताना मोठ्या सेफ्टी पिना आण, इथल्या वाकतात.

तुझे,
नाना